सात बोटांची रायफल

पोलाद म्हातारं होत नाही, माणूस होतो.

हे वाक्य माझ्या मामांचं. दर दसऱ्याला रायफलीला हळदकुंकू वाहून झालं की ते एवढं बोलून थांबत, आणि अंगणात जमलेली पंचवीस-तीस माणसं माना डोलवत. वाक्य चांगलं आहे. बोअरवेलची मोटार जळाली त्या दिवशीही मामांनी ते ऐकवलं होतं. तेव्हा सगळा दोष तांब्याच्या तारेवर गेला आणि पोलाद निर्दोष सुटलं.

मामांचं गाव जळकोटच्या अलीकडे, माळावर. मी नांदेडला एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. प्राध्यापक नव्हतो. मुलांपुढे उपकरणं मांडायची, वर्निअर कॅलिपर कसं धरायचं ते दाखवायचं, प्रयोगवह्या तपासायच्या आणि तास संपला की भिंगं मोजून कपाटात ठेवायची, हे माझं काम. पण मुखेडमार्गे येणाऱ्या एस.टी.तून मामांच्या गावात उतरलो की मी प्रोफेसर होत असे. दोन-चारदा मी दुरुस्ती करून पाहिली. मग सोडून दिली. मोठेपणा फुकट मिळत असेल तर माणूस तो किती दिवस नाकारतो, याचाही एक प्रयोग मांडता येईल.

रायफल तीनशे पंधरा बोअरची, मामांच्या वडिलांनी घेतलेली. गावात ती 'निजामाच्या काळची' म्हणून प्रसिद्ध होती. एकदा मी भिंग लावून नळीच्या बुडाशी असलेला सालाचा ठसा वाचला. त्या साली निजामाचं राज्य जाऊन चांगली दहा-बारा वर्षं झाली होती. मामांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "ठसा मागून मारला असंल."

परवाना शेतपीक संरक्षणाचा होता. आमच्याकडे रानडुकरांचा कळप एका पहाटेत अर्धा एकर भुईमूग नांगरून टाकतो, बैल न लावता. शेतकऱ्याने अर्ज करायचा, वनखात्याने पाहणी करून परवानगी द्यायची, मग मामांना बोलावणं यायचं. मामा फेटा बांधून जात. डुकरासमोर फेटा कशाला, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांच्याबरोबर जाणारा माणूस एकच. मामांच्याच वयाचा, त्यांच्याकडे सालाने राहिलेला, पुढे साल सुटलं तरी सोबत न सुटलेला. मी त्यांना काका म्हणत असे. मामा बांधावर उभे राहून गोळी झाडत. डुक्कर उभ्या पिकात पडे. मग पिकात शिरून ते मेलं की नाही हे बघून यायचं काम काकांचं. या कामाला गावात 'शहानिशा' म्हणत. "पाटलानं गोळी घातली, काकानं शहानिशा केली," असं लोक सांगत, जणू ही दोन सारख्या तोलाची कामं असावीत. पाटील बांधावर असत आणि काकांच्या हातात एक कुऱ्हाड असे. मेलेल्या डुकराजवळ जायला कुऱ्हाड लागत नाही, आणि जखमी डुकरापुढे ती पुरत नाही. थोडक्यात, त्या रायफलीची गोळी किती जोराने सुटते यावर मामांचं काही अवलंबून नव्हतं. अवलंबून होता काकांचा जीव. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बोलून दाखवत ते फक्त काका, आणि तेही हसत.

"मालक, तुमची गोळी चुकली तर तुमची इज्जत जाती," ते म्हणत. "माझी धोतरासगट जाती."

"तुझं धोतर जायला गोळी कशाला लागती रं?" मामा म्हणत. "वाऱ्यानं बी जाईल."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रायफल साफ होत असे. घरातली बायका-माणसं चिंच आणि राख घेऊन पितळेची भांडी घासत, आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मामा विटकरीची वस्त्रगाळ पूड आणि खोबरेल तेल घेऊन बसत. लोखंडी गजाला धोतराची चिंधी गुंडाळायची, तेलात भिजवायची, पुडीत घोळवायची आणि नळीच्या तोंडातून आत घालून मागेपुढे करायची. दोन-दोन तास. मग नळी उजेडाकडे धरून आल्यागेल्याला आत बघायला लावायचं. "बघ, आरसा हाय." माणूस एक डोळा मिटून बघे आणि म्हणे, "हाव की. आरसाच." आमच्याकडे रायफल चांगली की वाईट हे असं ठरत असे. परीक्षा पितळेच्या तांब्याचीच. तीच तिला लावलेली.

रायफलीच्या नळीत आतून पेच असतात, बाटलीच्या झाकणाला आतून आटे असतात तसे, फक्त सावकाश वळत जाणारे. गोळी त्यात घट्ट रुतते आणि गिरकी घेत बाहेर पडते. भोवरा फिरतो म्हणून उभा राहतो, तशी गोळी फिरते म्हणून सरळ जाते. पेच झिजले, नळी आतून रुंदावली, की दोन गोष्टी होतात. दारूचा वायू गोळीला ढकलण्याऐवजी तिच्या बाजूने निसटतो. कुकरची रबरी रिंग ढिली झाल्यावर वाफ कडेने जाते आणि शिट्टी होत नाही, तसं. गोळीचा वेग कमी होतो. आणि गिरकी पुरेशी न मिळाल्याने ती वाटेत डोलायला लागते आणि शेवटी आडवी होऊन आदळते.

फौजेतल्या रायफली हजारो गोळ्या झाडून झिजतात. मामांची वर्षाला फार तर वीस-पंचवीस गोळ्या झाडत असे. एवढ्याने तिचं काही बिघडलं नसतं. ती झिजली भक्तीनं. विटकरीच्या पुडीनं दरसाल थोडे पेच खाल्ले, आणि पेच जसजसे गेले तसतसा आरसा जास्त लखलखला. त्यातून जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळाला की नळीत खार राहतो. तो गरम पाण्याने धुवावा लागतो. पूजेच्या हत्याराला पाणी लावणं मामांना मंजूर नव्हतं. त्यामुळे खार वर्षभर आत बसून पोलाद खात असे आणि दसऱ्याला मामा उरलेलं घासत.

हे सगळं मी आज लिहितो आहे तितक्या स्पष्टपणे तेव्हाही मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. तरी पुढचं घडलं.

एका दसऱ्याला पंगत बसलेली असताना गावातला एक रिटायर फौजी म्हणाला, "पाटील, लई जुनी झाली ही. नळी ढिली पडती. गोळीत दम राहत न्हाई."

मामांचा घास हातात राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू प्रोफेसर हायस न्हवं? मोजून दाव."

मी दिवाळीच्या सुट्टीत येऊन मोजायचं ठरवलं. त्या पावसाळ्यात बांधावरची एक बाभूळ पडली होती. तिचा दोन माणसांनी उचलावा असा ओंडका कापून घेतला, जळकोटला एका आडत्याच्या काट्यावर तोलून आणला आणि अंगणातल्या चिंचेला दोन साखळ्यांनी आडवा टांगला. त्याच्या मागे एक फळी बसवली आणि फळीवर, ओंडक्याला टेकवून, काडेपेटी ठेवली. ओंडक्याच्या तोंडावर गोळी मारायची. ओंडका मागे झोका घेतो आणि काडेपेटीला ढकलत नेतो. झोका परत फिरतो. काडेपेटी तिथेच राहते. ती किती सरकली ते मोजायचं. गोळी जितकी वेगात, तितकी काडेपेटी लांब. हा प्रयोग दोन-अडीचशे वर्षांचा जुना आहे आणि त्यात काही चूक नाही. मी पट्टी विसरलो होतो म्हणून मामांच्या बोटांनी मोजलं. काडेपेटी सात बोटं सरकली.

ओंडक्याचं वजन, गोळीचं वजन आणि साखळ्यांची लांबी घेऊन मी वेग काढला. कारखान्याच्या तक्त्यात असतो त्याच्या जवळपास आला. थोडा कमी, पण जुनी रायफल म्हणून सोडून देण्याइतकाच. मी तसं जाहीर केलं. लोकांना वेगात रस नव्हता. त्यांना सात बोटं पुरली. फौजीने पायात चपला घातल्या आणि पुढच्या दसऱ्यापासून यायचं बंद केलं.

त्यानंतर तो रिवाजच झाला. पूजा, वाक्य, एक गोळी, काडेपेटी. मग मी वाकून मोजायचो आणि आकडा सांगायचो, आणि सात हा आकडा उच्चारल्यावरच लोक आपट्याची पानं घेऊन देवळाकडे निघायचे. मी एरवी सत्यनारायणालाही बसत नाही. कोणी नारळ फोडून भूमिपूजन करायला लागलं की मी मागच्या रांगेत जाऊन बसतो. पण चिंचेखाली वाकून "सात" म्हणताना माझा आवाज गंभीर होत असे, हे मला मान्य केलं पाहिजे.

आठ दसरे झाले. कधी पावणेसात, कधी सात. मला दरवर्षी वाटायचं, औंदा कमी भरणार. पुस्तक तसं सांगत होतं आणि मामांची विटकरीची पूड मी डोळ्यांनी पाहत होतो. पण काडेपेटी सातावरच थांबे. डोळ्यांसमोर उपकरण आहे आणि ते पुस्तकाच्या विरुद्ध बोलतंय, तेव्हा उपकरणावर विश्वास ठेवायचा, हे मी मुलांना शिकवत आलो होतो.

पाचव्या का सहाव्या वर्षी, लोक देवळाकडे गेल्यावर काका ओंडक्यापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मला बोलावलं.

"मास्तर, ही भोकं बघा." ते मला प्रोफेसर कधीच म्हणाले नाहीत. "पयल्या सालचं हे. गोल, रुपयावानी. आन् हे औंदाचं. चिंचोक्यावानी लांबुडकं हाय. गोळी आडवी शिरायली, मास्तर."

मी पाहिलं. भोक लांबट होतं, हे खरं. "लाकूड वाळलंय काका," मी म्हणालो. "रेषेत तडकतं. म्हणून भोक लांब दिसतं."

मामा मागे येऊन उभे होते. "तू लाकडाचा डॉक्टर कवा झालास रं?"

"डॉक्टर न्हाई मालक. पण डुकराला बी आताशा दुसरी गोळी लागायली. पयले एकात गार व्हायचं. आन् आत जायचं मला हाय, म्हून बघायलाव."

"भ्यायलास तर सांग. दुसरा बघतो."

"दुसरा कोण येतंय," काका म्हणाले आणि हसले. "दुसऱ्याला बायको हाय. मला बी हाय, पण ती सोडवत न्हाई."

त्या संवादात मी एक वाक्य बोललो होतो, 'लाकूड वाळलंय' हे. त्या वाक्यात सगळं उत्तर होतं. ते मी स्वतःच्या तोंडाने बोललो आणि ऐकलं नाही.

शेवटच्या वर्षी निवडणूक आली. आचारसंहिता लागली की परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा होतात. रायफल पावसाळ्याच्या ओलीत काही आठवडे तिथल्या एका खोलीत इतर बंदुकांबरोबर उभी राहिली. परत आली तेव्हा नळीत लाल भुकटी होती. मामांनी ठाण्यातल्या कुणालाच बोल लावला नाही. त्यांनी तीन दिवस विटकर कांडली. त्या दसऱ्याला नळी इतकी चकाकली की स्वतः मामांनीही ती दोनदा उजेडाकडे धरून पाहिली. गोळी झाडली. काडेपेटी सात बोटं सरकली. मी सात म्हणालो.

त्यानंतर महिन्याभराने, तूर फुलावर असताना, शेजारच्या शिवारातून बोलावणं आलं. एक नर डुक्कर एकटंच येत होतं. मी दिवाळीच्या सुट्टीत तिथेच होतो आणि काही कारण नसताना बरोबर गेलो. दिवस नुकता वर आला होता. तूर खांद्याइतकी, पिवळी, दवाने ओली. डुक्कर बांधाच्या कडेने ओढ्याकडे परत निघालं होतं. मामांनी सत्तर पावलांवरून गोळी घातली. ते मागच्या पायांवर बसलं, उठलं, तुरीत शिरलं. थोडी तूर हलली आणि थांबली.

आम्ही एक बिडी ओढून होईपर्यंत थांबलो. बिडी काकांची होती. त्यांनी ती पुरती ओढली नाही, विझवून कानावर ठेवली.

"मालक, आवाज बसका आला."

"कान बसले तुझे."

"लागली ती फट्दिशी न्हाई लागली. थपकन लागली. थोडं आजून थांबू."

"उन्हं वर येईपर्यंत? बारक्या पोरासारखं करू नकोस. सात बोटाची गोळी हाय, लेका."

काका मामांशी वाद घालत नसत, म्हणजे घालत, पण शेवटपर्यंत नेत नसत. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी सांगा. तुमी मोजता. जाऊ का?"

त्यांनी हा प्रश्न गंमत म्हणून विचारला नव्हता. आठ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच माझ्या हुद्द्याने काहीतरी विचारलं होतं. आणि मी, पुस्तक एक सांगतंय, भोकंही तेच सांगताहेत आणि आकडा दुसरंच सांगतोय, अशा वेळी आकड्याच्या बाजूने उभा राहिलो.

"सात भरली होती काका," मी म्हणालो. "जा. काही होत नाही."

"मास्तर म्हणले म्हणल्यावर झालंच," काका म्हणाले आणि तुरीत शिरले.

पुढचं फार थोड्या वेळात झालं आणि आम्ही त्यातलं काही पाहिलं नाही. आम्हाला फक्त तूर दिसत होती. काकांच्या जाण्याने एक वाट हलत होती, सावकाश. मग दुसरी वाट सुरू झाली, समोरून, सरळ. ती सावकाश नव्हती. दोन्ही वाटा एका जागी मिळाल्या. मामांनी रायफल खांद्याला लावली होती, पण कुठे झाडणार? मग एक वाट ओढ्याकडे निघून गेली आणि जिथे मिळाल्या होत्या तिथली तूर हलायची थांबली.

काका बसलेले होते. दोन्ही हातांनी त्यांनी उजवी मांडी वरच्या बाजूला धरली होती आणि बोटांमधून रक्त उसळत होतं. कुऱ्हाड हाताच्या अंतरावर होती, कोरडी. मामांना पाहून त्यांनी कामाचा अहवाल दिला.

"मालक, मेलं न्हाई ते."

मामांनी फेटा सोडला आणि मांडीला आवळला. फेटा लांब असतो. तरी तो सगळा भिजला. शेताच्या मालकाची जीप होती, तिच्यात घालून उदगीरला निघालो. रस्ता खराब होता असं म्हणायची सोय नाही, तो त्याच वर्षी नवा झालेला होता. काका सुरुवातीला बोलत होते. डुकराचा डावा खांदा रक्ताळलेला होता, म्हणजे गोळी जागेवर लागली होती, मालकाचा नेम चुकलेला नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मामांना बरं वाटावं म्हणून असेल, किंवा शहानिशा अर्धी राहू नये म्हणून. मग पाणी मागितलं. पाणी नव्हतं. उदगीर चार-पाच किलोमीटर राहिलं असताना मामांनी काकांच्या नावाने तीन-चार हाका मारल्या आणि मग जीप हळू चालवायला सांगितली.

डुक्कर दुसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेलं सापडलं. वनखात्याची माणसं आली, पुरण्याआधी त्यांनी खांदा कापून गोळी काढली. नर डुकराच्या खांद्यावर जाड कूर्चेचं कवच असतं. धड वेगाने आलेली गोळी ते फोडून काळजापर्यंत जाते. ही त्या कवचात आडवी पडून होती, बाजेवर माणूस पडावा तशी. तिच्या अंगावर पेचांचे ओरखडे असायला हवेत. मी भिंग घेऊन पाहिलं. जवळजवळ नव्हतेच.

मी ओंडका उतरवला. दोन माणसांचा ओंडका. मी तो एकट्याने उतरवला, आणि उतरवत असतानाच मला कळलं. तरी एका रिक्षात घालून जळकोटला नेला आणि त्याच काट्यावर तोलला. पहिल्या वर्षी बाभूळ ओली होती. आठ उन्हाळ्यांत ती वाळली होती. पावसाळाभर ती गोठ्याच्या भिंतीला टेकून असायची, तिथे खालून वाळवीने पोखरली होती. वजन पाचव्या हिश्श्याने उतरलं होतं. हलक्या ओंडक्याला तेवढाच झोका द्यायला कमी वेग पुरतो. रायफल झिजत होती आणि ओंडका वाळत होता. दोघं जवळजवळ एकाच चालीने उतरत होते, आणि म्हणून काडेपेटी दरवर्षी त्याच जागी थांबत होती. वजन मी एकदाच केलं होतं, पहिल्या वर्षी. वेग पाचव्या हिश्श्याने कमी झाला की गोळीचा जोर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो. हे गणित अकरावीच्या मुलाला येतं. मी अशा कितीतरी मुलांच्या वह्या तपासल्या होत्या, आणि 'वस्तुमान पुन्हा मोजले नाही' म्हणून त्यांचे गुण कापले होते.

मामांना मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे ओंडका खोटा निघाला," ते म्हणाले.

"ओंडकाही आणि नळीही, मामा."

"नळीला काय झालंय? आरसा हाय." मग त्यांनी चिंचेला लोंबणाऱ्या रिकाम्या साखळ्यांकडे पाहिलं. "मी त्याला जा म्हणालो न्हाई. त्यानं तुला इच्यारलं."

हे खरं होतं. ते त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, मीही काढलं नाही, आणि आमचं जाणं-येणं पूर्वीसारखंच राहिलं, फक्त दसऱ्याला मी नांदेडहून निघेनासा झालो.

काकूंना सांगणं उरलं होतं. तेरावं झाल्यावर गेलो. त्या सूप घेऊन तूर पाखडत होत्या. मी बाभळीचं वाळणं, काडेपेटी, सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी तासाला शिकवतो त्याच आवाजात बोलतोय. त्या पाखडत राहिल्या.

"भोकं वाकडी पडायलीत म्हून ते घरी दर दसऱ्याला म्हणायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, मास्तरच्या कानावर घालतो. तुमच्या कानावर घातलं न्हवतं का?"

"घातलं होतं."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, भिडंखातर राहिलं असंल सांगायचं."

त्यांनी मला चहा दिला. तो मी प्यायलो. न पिणं हा त्या वेळी एक देखावा झाला असता.

पुढच्या वर्षी रायफलीचा परवाना नव्याने करायला मामा तालुक्याला गेले. मी सोबत होतो, कारण त्यांना आता एकट्याने बसचा प्रवास जमत नव्हता. परवाना सोडून द्या, असं मी वाटेत म्हणून पाहिलं. नवा अर्ज द्यायचा तर हत्यार दाखवावं लागतं. तपासणाऱ्या हवालदाराने नळी खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ आत पाहिलं. मी त्याला गोळीबद्दल आणि पेचांबद्दल सांगायला तोंड उघडलं.

"एक मिनिट, साहेब," तो म्हणाला. त्याने कौतुकाने मान हलवली. "वापरलीच न्हाई वाटतं कवा." आणि कागदावर 'सुस्थितीत' असं लिहिलं. मी पुढे पेच झिजल्याचं सांगितलं तेव्हा त्याने सभ्यपणे विचारलं, "आपण बंदुका दुरुस्त करता का?" मी नाही म्हणालो. रांगेत मागे चार माणसं होती.

काकांच्या वर्षश्राद्धाला गावाने सभा घेतली. बाहेरून दोन पुढारी आले. मरताना काका 'मेलं न्हाई ते' असं म्हणाले होते. भाषणात त्याचं 'मी मरेन, पण गावाचं पीक वाचवेन' असं झालं. मामा पहिल्या रांगेत, फेटा न बांधता बसले होते. काकू बायकांच्यात मागे होत्या आणि त्यांना व्यासपीठावर बोलावल्यावर 'इथंच बरं हाय' म्हणाल्या. वेशीजवळ काकांचा मोठा फ्लेक्स लावला होता. वर 'शूरवीर', खाली चौदा कार्यकर्त्यांचे हात जोडलेले फोटो, मध्ये मतदार-ओळखपत्रावरून मोठा केलेला काकांचा चेहरा, आणि त्यांच्यामागे झेप घेणारा एक पट्टेरी वाघ. आमच्या तालुक्यात वाघ नाही. छापणाऱ्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, कॉम्प्युटरमधे डुकराचा फोटो होता, पण तो बरा दिसंना.